बोटातून रक्त, शिरेतून रक्त आणि मुलांच्या सीबीसीचे दोन वेगळे आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस ताप, डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगितली. सकाळी घराजवळच्या लॅबमध्ये बोटातून रक्त घेतलं, रिपोर्ट आला हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी १३,४००, प्लेटलेट ६८ हजार. घरात डेंग्यू डेंग्यू सुरू झालं, आजीने पपईची पानं आणायला माणूस पाठवला, आणि दुपारी दुसऱ्या लॅबमध्ये हाताच्या शिरेतून रक्त दिलं तर हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ९,८०० आणि प्लेटलेट चक्क २ लाख १० हजार. आता मुलाची आई असलेल्या ताई विचारतायत की यातली कुठली लॅब खोटी, आणि कुणावर विश्वास ठेवायचा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लहान मुलांची सॅम्पल्स हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. लॅब बहुतेक कुठलीच खोटी नाही. मशीनने दोन्हीकडे समोर आलेलं रक्त मोजलं आणि जे होतं ते छापलं. समोर आलेलं रक्तच वेगळं होतं. मोठ्या माणसांमध्ये हा फरक सहसा फार जाणवत नाही कारण तिथे शीर सापडते, माणूस हात पुढे करून बसतो, दोन एमएल रक्त अर्ध्या मिनिटात ट्यूबमध्ये जातं. मुलांमध्ये यातलं काहीच होत नाही.

ताई, तुम्ही दोन्ही रिपोर्टचे सगळे आकडे दिलेत ते बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. तांबड्या पेशी सकाळी ४.२, दुपारी ४.८. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग टक्क्यांत, तो सकाळी २९.४, दुपारी ३३.६. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ते दोन्हीकडे ७०. आता हे बघा, हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी आणि पीसीव्ही तिन्ही एकाच प्रमाणात कमी आहेत, साधारण साडेबारा टक्के, पण एमसीव्ही हललं नाही. रक्तात पाणी मिसळलं तर नेमकं असंच होतं, पेशींची गर्दी विरळ होते पण प्रत्येक पेशी आहे तेवढीच राहते. म्हणजे सकाळचं रक्त पातळ झालेलं होतं. पण प्लेटलेट? साडेबारा टक्के पातळ झालं तर २ लाख १० हजाराचे १ लाख ८४ हजार होतील, ६८ हजार नाही होणार. म्हणजे तिथे दुसरी भानगड आहे, प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुच्छ झाले, आम्ही त्याला क्लम्प म्हणतो. मशीन पेशी आकारावरून ओळखतं, पन्नास प्लेटलेटचा गुच्छ आला तर मशीनला ती एकच मोठी वस्तू दिसते, ती प्लेटलेटमध्ये धरली जात नाही आणि कित्येकदा पांढऱ्या पेशीत मोजली जाते. रक्त पातळ होऊनही पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या का दिसतायत त्याचं एक कारण हे असू शकतं, दुसरं कारण रडणं, त्यावर पुढे येते. आणि ६८ हजारांचे पाच तासात २ लाख १० हजार खरोखर कुठल्याही आजारात होत नाहीत, पपईने तर नाहीच.

आता बोटातून रक्त घेताना हे कसं होतं ते सांगते, कारण हे एकदा डोळ्यासमोर आलं की बाकी सगळं समजायला सोपं जातं. मुलाला आईने मांडीवर धरलंय, ते हात ओढतंय. हात एसीमुळे किंवा तापाच्या थंडीमुळे गार पडलेला. टेक्निशियनने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुकायची वाट न बघता टोचलं, ओल्या स्पिरिटमध्ये रक्ताचा थेंब धड गोल बसत नाही, पसरतो, आणि पेशी फुटतात त्या वेगळ्या. पहिला थेंब खरं तर कोरड्या कापसाने पुसून टाकायचा असतो कारण त्यात त्वचेखालचं पाणी जास्त असतं, पण थेंबच मुश्किलीने आलाय म्हटल्यावर तो टाकून द्यायचा जीव होत नाही. मग दुसरा थेंब येत नाही. मग बोट पिळणं सुरू. पेराच्या टोकाला जोरात दाबलं की रक्ताबरोबर पेशींच्या मधलं पाणी पण बाहेर येतं, हे तुमचं साडेबारा टक्के. आणि जखम झाल्यावर रक्त थांबवायचं काम प्लेटलेटचंच, त्या टोचलेल्या जागी लगेच धावतात, चिकटतात, एकमेकींना धरतात. रक्त भराभर ट्यूबमध्ये पडून आतल्या ईडीटीएशी, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाशी, मिसळलं तर हे थांबतं. पण मिनिट-दोन मिनिटं थेंब थेंब गोळा होतंय, ट्यूबच्या कडेने ओघळतंय आणि शेवटी ट्यूब हलवायची राहिली तर झालेच गुच्छ. कधी कधी बारीकशी गुठळी असते, डोळ्याला दिसत नाही, काडी फिरवून बघितली की काडीला लागून वर येते.

हे सगळं टाळता येतं. हात किंवा टाच आधी तीन ते पाच मिनिटं कोमट करायची, स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं, मधलं किंवा अनामिकेचं बोट घ्यायचं, टोकाला नाही आणि अगदी मधोमधही नाही तर पेराच्या मऊ भागावर किंचित बाजूला, साध्या सुईने नाही तर ठराविक खोलीच्या लॅन्सेटने, पहिला थेंब पुसायचा, आणि दाबायचं झालंच तर हलकं दाबून सोडायचं म्हणजे बोटात रक्त परत भरतं. सगळ्यात आधी जांभळ्या झाकणाची, म्हणजे सीबीसीची, ट्यूब भरायची. शिरेतून घेताना क्रम वेगळा असतो, तिथे ईडीटीएची जांभळी ट्यूब साध्या ट्यूबनंतर येते, कारण ईडीटीएचा अंश दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं. बोटाच्या बाबतीत मात्र प्लेटलेट वाट बघत नाहीत म्हणून सीबीसी पहिली. काही लॅबमध्ये सगळीकडे एकच क्रम पाळतात, मग मुलांच्या प्लेटलेट कमी येत राहतात आणि कुणाला कारण कळत नाही.

पण समजा सगळं अगदी नियमाप्रमाणे केलं, तरी बोटातलं आणि शिरेतलं रक्त तंतोतंत सारखं नसतं. बोटातून येणारं रक्त हे केशवाहिन्यांचं, बारीक धमन्यांचं आणि शिरांचं मिश्रण असतं. नीट घेतलेल्या बोटाच्या रक्तात हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही शिरेपेक्षा किंचित जास्त येतं, पांढऱ्या पेशी सरासरी आठेक टक्के जास्त येतात, प्लेटलेट सरासरी नऊ टक्के कमी येतात, काही जणांत तीसेक टक्क्यांपर्यंत. म्हणजे पुस्तक सांगतं बोटात हिमोग्लोबिन थोडं जास्त, आणि प्रत्यक्षात तुमच्या मुलाचं कमी आलं. यात विरोध नाही, पुस्तकातलं बोट कोमट आणि न पिळलेलं असतं.

आता शिरेतून घेतलं म्हणजे सगळं आपोआप बरोबर असंही नाही हां. दंडाला पट्टा बांधून शीर शोधत दोन-तीन मिनिटं गेली तर शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन थोडं वाढीव येतं. एका मिनिटाच्या आत पट्टा सुटायला हवा. गुबगुबीत बाळाची शीर दिसत नाही, सुई आत गेल्यावर इकडे तिकडे फिरवून शोधलं तर तिथेही गुठळी होते. सिरिंजमध्ये रक्त ओढायला वेळ लागला तर ते सिरिंजमध्येच गोठायला लागतं. आणि एक सवय फार वाईट, सिरिंजची सुई न काढता तीच सुई ट्यूबच्या रबरातून घालून दट्ट्या जोरात दाबणे, यात तांबड्या पेशी फुटतात, फुटलेले तुकडे लहान असतात आणि मशीन त्यांना कधी कधी प्लेटलेट समजतं. म्हणजे चुकीच्या पद्धतीने प्लेटलेट जास्तही येऊ शकतात. मुलांसाठी २३ नंबरची बटरफ्लाय सुई, हाताच्या मागची शीर, आणि धरायला एक शांत माणूस, एवढं असेल तर काम दहापैकी नऊ वेळा पहिल्याच फटक्यात होतं.

ट्यूबबद्दल एक मुद्दा, कारण पालकांना हा माहितीच नसतो आणि लॅबवाले सांगत नाहीत. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए मोजून घातलेलं असतं, साधारण दर एमएल रक्ताला दीड ते दोन मिलिग्रॅम लागतं, आणि ट्यूबवर रेघ असते ती त्यासाठी. मोठ्यांची दोन एमएलची ट्यूब, त्यात बाळाचं कसंबसं अर्धा एमएल रक्त, म्हणजे ईडीटीए चौपट. जास्त ईडीटीएने तांबड्या पेशी आकसतात, मशीनऐवजी हाताने काढलेला पीसीव्ही कमी येतो, पांढऱ्या पेशींचा आकार बिघडतो आणि स्लाइडवर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायला काचेवर पसरलेल्या रक्तात, त्या आजारी असल्यासारख्या दिसतात. ईडीटीए पातळ रूपात असेल तर रक्तही थोडं पातळ होतं, आतल्या भिंतीवर फवारून सुकवलेलं असेल तर तेवढं नाही. उलट ट्यूब काठोकाठ भरली तर ती हलवली तरी आत काही मिसळत नाही, गुठळी ठरलेली. म्हणून मुलांसाठी पाव ते अर्धा एमएलच्या छोट्या ट्यूब वेगळ्या मिळतात, त्या महाग असतात म्हणून काही ठिकाणी ठेवत नाहीत, सरळ बोलायचं तर पैशाची गोष्ट आहे. ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची. मिक्सरसारखी गदागदा हलवायची नाही, आणि टेबलावर तशीच ठेवूनही द्यायची नाही.

नंतर ती ट्यूब किती वेळ पडून राहिली यालाही अर्थ आहे. घरी येऊन सॅम्पल नेणारा मुलगा सकाळी सात वाजता रक्त घेतो, बाइकच्या पेटीत उन्हातून पाच घरं फिरतो आणि दुपारी लॅबला पोचतो. हिमोग्लोबिनला फार काही होत नाही पण तांबड्या पेशी फुगायला लागतात, एमसीव्ही वाढतं, आणि स्लाइड बनवायला उशीर झाला की पांढऱ्या पेशी नीट ओळखता येत नाहीत. त्यामुळे ताप असलेल्या मुलाचं रक्त होम कलेक्शनला न देता लॅबमध्ये नेऊन दिलेलं बरं असं माझं मत.

रडण्याबद्दल. मूल जीव तोडून रडलं की अॅड्रिनलिन वाढतं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. त्या आधीपासून शरीरात असतातच, फक्त मोजदादीत नसतात. नवजात बाळांमध्ये जोरात रडल्यावर हा आकडा दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतो. धावपळ, झटका येऊन गेल्यावर, दम्यासाठी वाफ दिल्यावर, स्टेरॉइडचे डोस चालू असताना, सगळीकडे पांढऱ्या पेशी वाढतात. त्यामुळे १३-१४ हजार पांढऱ्या पेशी बघून, इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका, तीन वर्षांच्या रडलेल्या मुलाला तो आकडा मुळीच नवलाचा नाही. मुलांच्या नॉर्मल रेंजही वयाप्रमाणे वेगळ्या असतात आणि कित्येक रिपोर्टवर बाजूला मोठ्यांची रेंज छापलेली असते, मग निम्मे आकडे ठळक अक्षरात येतात आणि आईला झोप लागत नाही.

नवजात बाळांचं प्रकरण तर आणखी नाजूक. तिथे टाचेतून रक्त घेतात, तळपायाच्या कडेच्या भागातून, टाचेच्या मागच्या गोलाईवर कधीच नाही कारण तिथे हाड अगदी जवळ असतं, आणि खोली दोन मिलिमीटरच्या आसपास. जन्मल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसात बाळाच्या हातापायांचं रक्ताभिसरण मंद असतं, टाच गार असते, त्या बारीक वाहिन्यांमध्ये तांबड्या पेशी साचून राहतात. त्यामुळे टाचेच्या रक्तात पीसीव्ही शिरेपेक्षा पाच ते पंधरा टक्क्यांनी जास्त येऊ शकतो. ६५ टक्क्यांच्या वर पीसीव्ही गेला तर रक्त फार घट्ट म्हणून उपचाराचा विचार होतो, पण ही ६५ ची मर्यादा शिरेतल्या रक्तासाठी आहे. टाचेतून ७० आलं म्हणून लगेच घाबरायचं नसतं, आधी शिरेतून परत बघायचं, बरेचदा ते ६२-६३ निघतं आणि विषय संपतो. त्यात वेळेचाही खेळ आहे, जन्मानंतर दोन तासांनी पीसीव्ही सगळ्यात वर असतो आणि मग हळूहळू खाली येतो. म्हणजे दोन तासांनी टाचेतून घेतलेला आणि दुसऱ्या दिवशी शिरेतून घेतलेला, या दोन आकड्यांची वजाबाकी करून बाळाला रक्तस्राव झाला का असा प्रश्न काढणं चूक.

नवजाताच्या रक्तात कोवळ्या, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी पण असतात आणि साधं मशीन त्यांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजतं. स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा किती आहेत ते मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. समजा मशीनने ३० हजार दाखवल्या आणि शंभरामागे ५० कोवळ्या तांबड्या आहेत, तर खऱ्या पांढऱ्या पेशी २० हजार. ही दुरुस्ती केली की नाही हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं.

एक गोष्ट लोकांना खोटी वाटते पण खरी आहे. टाच टोचणं हे शिरेतून घेण्यापेक्षा सौम्य असं आपण धरून चालतो, पण पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांमध्ये कुशल माणसाने शिरेतून घेतलेलं रक्त टाचेपेक्षा कमी दुखतं असं अभ्यासांत दिसलंय, कारण टाच पुन्हा पुन्हा टोचावी आणि दाबावी लागते. अट कुशल माणसाची आहे. तो नसेल तर टाच बरी. कमी दिवसांच्या बाळांचा हिशोब वेगळा, एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच सगळं मिळून नव्वद ते शंभर एमएल, त्यातलं रोज तीन एमएल तपासणीला काढलं तर महिन्याभरात तपासण्यांनीच बाळाला अॅनिमिया होतो. तिथे कमी रक्तात काम भागवणं हाच उपचाराचा भाग असतो.

अॅडमिट मुलांसाठी वेगळा इशारा देते. सलाइन लावलेल्या हातातूनच, सुईच्या वरच्या बाजूने किंवा त्याच नळीतून रक्त घेतलं की सगळं पातळ होतं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या, प्लेटलेट तिन्ही एकदम घसरतात. काल ११ हिमोग्लोबिन असलेलं मूल आज ७.५, कुठे रक्तस्राव नाही, मूल खेळतंय, अशा वेळी आम्ही आधी वॉर्डला फोन करतो की रक्त कुठून घेतलं. सोबत पाठवलेल्या ट्यूबमध्ये साखर चारशेच्या वर आली तर डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन मिसळल्याचा दाट संशय येतो, अशा वेळी एमसीव्हीसुद्धा खोटं वाढतं कारण साखरेत भिजलेल्या पेशी मशीनच्या द्रावणात गेल्यावर फुगतात. दुसऱ्या हातातून घ्या, किंवा ते शक्यच नसेल तर सलाइन थांबवून, नळीतल्या जागेच्या दोन-तीन पट रक्त आधी बाजूला काढून मग सॅम्पल भरा. नातेवाईक म्हणून तुम्ही तिथे असाल तर विचारायला लाजू नका, सलाइन याच हाताला चालू आहे ना, दुसऱ्या हातातून घेता का, एवढंच म्हणा. या एका वाक्याने अकारण रक्त चढवणं टळू शकतं.

आणि डेंग्यूच्या दिवसात प्लेटलेटपेक्षाही मला जास्त काळजी पीसीव्हीची असते. डेंग्यूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, पीसीव्ही वाढतो, आणि मुळच्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढ ही धोक्याची खूण मानतात. आता तुमच्याच मुलाचे आकडे घ्या. सकाळी बोटातून २९.४, दुपारी शिरेतून ३३.६, म्हणजे चौदा टक्क्यांनी वाढला, आणि मुलाला प्रत्यक्षात काहीच झालं नाही. याच्या उलट पण होऊ शकतं, खरोखर वाढलेला पीसीव्ही पिळलेल्या बोटातून साधा दिसेल आणि सगळे निर्धास्त राहतील, हे जास्त वाईट. म्हणून डेंग्यूचा संशय असताना रोज सीबीसी करायची तर रोज एकाच पद्धतीने, शक्यतो शिरेतून, शक्यतो एकाच लॅबमध्ये. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या तर लॅबला एकच प्रश्न विचारा, स्लाइड बघितली का? स्लाइडच्या पातळ शेपटीकडे मायक्रोस्कोप नेला की गुच्छ असतील तर तिथेच सापडतात, जांभळट बारीक ठिपक्यांचे पुंजके, आजूबाजूला सुट्या प्लेटलेट जवळजवळ नाहीत. ते दिसले की मशीनचा आकडा छापायचा नसतो, पुन्हा रक्त मागवायचं असतं. क्वचित एखाद्याच्या प्लेटलेट ईडीटीएमुळेच चिकटतात, शिरेतून कितीही छान घेतलं तरी, त्यांना निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये घेऊन आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. तुमच्या मुलाचं तसं नाही, दुपारच्या ट्यूबमध्ये पण ईडीटीएच होतं आणि प्लेटलेट व्यवस्थित आल्या.

ही फक्त एका घरातल्या रिपोर्टची गोष्ट नाही बरं का. देशाचे आकडे पण यात अडकलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं अॅनिमियाची निघाली, त्याच्या आधीच्या फेरीत ५८.६ होती. तिथे घरोघरी जाऊन बोटातून थेंब घेऊन छोट्या यंत्रावर मोजतात. त्याच सुमाराला, २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत मोजलं, तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये प्रमाण ४१ टक्के आलं. वयोगट अगदी एक नाहीत, वर्षंही एक नाहीत, हे मान्य, सहा महिने ते वर्षाची मुलं धरली की प्रमाण वाढतंच. पण एवढी मोठी दरी फक्त त्याने भरत नाही, बोट आणि शीर हा त्यातला मोठा वाटा आहे असं या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे आणि मलाही तेच पटतं. पुढच्या फेरीतून अॅनिमियाची तपासणी काढून ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या, शिरेतून रक्त घेणाऱ्या सर्वेक्षणाकडे दिली, त्यावर आकडे लपवताय अशी टीकाही झाली. टीका समजू शकते, पण तपासणीची पद्धत बदलणं माझ्या मते योग्यच होतं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित मशीन यालाच पसंती दिली. मात्र ४१ टक्के म्हणजे काही थोडे नाहीत, पाचातली दोन मुलं झाली.

मग बोटातून घ्यायचंच नाही का? तसं अजिबात नाही. गावात शिबिर आहे, बाळ दहा किलोच्या आतलं आहे, शिरा सगळ्या सलाइनने खराब झाल्यात, किंवा केमो चालू आहे आणि आठवड्याला दोनदा रक्त लागतंय, तिथे बोट किंवा टाच हा देवासारखा मार्ग आहे. फक्त रिपोर्टवर कुठून घेतलं ते लिहिलेलं असावं आणि पुढचा आकडा त्याच मार्गाने घेतलेल्या आकड्याशी ताडून बघावा. उपचार बदलणारा निर्णय असेल, रक्त चढवायचं आहे, अॅडमिट करायचं आहे, तर शिरेतून परत बघावं.

रक्त द्यायला नेताना थोडं तुमच्याही हातात आहे. मुलाला पाणी पाजून न्या, सीबीसीला उपाशीपोटी लागत नाही, तहानलेल्या मुलाची शीर सापडायला त्रास होतो. हात उबदार ठेवा, पूर्ण बाह्यांचा पण सैल शर्ट घाला म्हणजे बाही झटकन वर जाईल. "शहाण्यासारखा वाग नाहीतर डॉक्टर सुई देतील" हे घरात बोलणं बंद करा, मग इथे आल्यावर आम्हाला कोण हात देणार. बधिर करायचं क्रीम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरांना विचारून लावा. अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना पाजत राहिलं तर ते कमी रडतं. आणि मांडीवर घेऊन मिठी मारल्यासारखं धरा, चौघांनी टेबलावर दाबून ठेवलेलं मूल पुढची पाच वर्षं पांढरा कोट बघितला की किंचाळतं.

आता तुमच्या मुलाकडे येते. प्लेटलेट २ लाख १० हजार हे खरं धरा, पण तापाचा दुसराच दिवस आहे, डेंग्यूत प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उतरतात, म्हणून डॉक्टर परत तपासायला सांगतील तेव्हा टाळू नका आणि ताप उतरल्यावर पोटात दुखणं, सतत उलट्या, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखान्यात जा.

हिमोग्लोबिन ११.२ आहे आणि या वयाला ११ ही मर्यादा, म्हणजे काठावर पास. पण एमसीव्ही ७० कमी आहे, दोन ते दहा वर्षांच्या मुलात खालची मर्यादा ढोबळमानाने ७० अधिक वय धरतात, म्हणजे तुमच्याकडे ७३. आणि एमसीव्ही हा आकडा बोट पिळण्याने बदलत नाही, त्यामुळे हे दोन्ही लॅबनी सांगितलेलं खरं आहे आणि या प्लेटलेटच्या गोंधळात नेमकं तेच कुणी बघितलं नाही. कारण बहुतेक लोहाची कमतरता, दूध भरपूर आणि जेवण नावाला अशी मुलं खूप येतात. दुसरी शक्यता थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या सौम्य रक्तदोषाची. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या आकड्याने भागतात, १३ च्या वर आलं तर लोहाकडे कल, खाली आलं तर थॅलेसेमियाकडे. तुमचं दुपारच्या रिपोर्टवर साडेचौदा, सकाळच्या रिपोर्टवर जवळजवळ सतरा, बघा इथेही पातळ रक्त तुम्हाला लोहाच्या बाजूला ढकलतंय. या वेळी दोन्ही एकाच बाजूला आहेत म्हणून निभावलं, नाहीतर मायनर असलेलं मूल महिनोन्महिने आयर्नचं सिरप पीत बसतं.

फेरिटिन ही शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी लगेच करू नका, तापात ते खोटं वाढतं आणि लोह भरपूर असल्यासारखं दिसतं. ताप जाऊन दोन-तीन आठवडे होऊ द्या, मग शिरेतून एकदाच रक्त द्या, त्यात सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही होतील. आणि त्याच्या आधी तुम्ही दोघं नवरा-बायको स्वतःची सीबीसी करून घ्या, तिला फार पैसे पडत नाहीत. दोघांचंही एमसीव्ही नॉर्मल आलं तर मुलाला थॅलेसेमिया मायनर असण्याची शक्यता फारच कमी, आणि एचपीएलसी या थॅलेसेमिया ओळखायच्या तपासणीसाठी त्याला पुन्हा टोचायची गरज बहुधा पडणार नाही.